गांध उठते तेव्हा

गांधीलमाशी चावली, रानात खाजरे पान अंगाला घासून गेले, किंवा प्रकृतीला न सोसणारे एखादे औषध पोटात गेले, म्हणजे थोड्याच वेळात कातडीवर जी लालसर, खाजणारी आणि मध्यभागी किंचित फिकट अशी फुगवटी उठते, तिला आपण गांध म्हणतो. आणि अशा गांधी एकाच वेळी अंगभर उठल्या, म्हणजे ‘पित्त उठले’ असे निदान करून आमसुलाचे पाणी अंगाला लावण्याचा शिरस्ता महाराष्ट्रातील घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. हा विकार इतका परिचित, आणि पुष्कळदा काही तासांत आपोआप निवळणारा असल्यामुळे, त्याच्याकडे कुतूहलाने पाहण्याची बुद्धी सहसा कोणाला होत नाही. वस्तुतः बोटाच्या पेराएवढ्या त्या उंचवट्याच्या पोटात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि संरक्षक पेशी यांचा जो परस्परव्यवहार काही मिनिटांत घडून जातो, तो इतका नियमबद्ध आहे की, शरीरशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याचा उलगडा करण्यासाठी शंभरावर वर्षे वेचली आणि ती सार्थकी लागली. गांध म्हणजे रक्तवाहिनीतून ऊतकांत पाझरलेला द्रव. ती वाहिनी फुटलेली नसते. तिला पाझरण्याचा हुकूम मिळालेला असतो आणि तो तिने तंतोतंत पाळलेला असतो. हा हुकूम कोण देतो, वाहिनीच्या कोणत्या भागात तो स्वीकारला जातो आणि त्याची बजावणी कशी होते, हे समजल्यावाचून आपण अशा वेळी घेतो त्या लहानशा गोळीचे सामर्थ्य कळत नाही, आणि तिची मर्यादा तर मुळीच कळत नाही.

आपल्या प्राचीन वैद्यांचे निरीक्षण या बाबतीत फार नेमके होते. माधवकराने आपल्या निदानग्रंथात उदर्द आणि शीतपित्त यांची लक्षणे देताना ही सूज गांधीलमाशीने दंश केल्यासारखी दिसते असे नमूद केले आहे, तिच्या जोडीने कंडू, टोचणी आणि दाह यांची नोंद केली आहे, आणि शीत वाऱ्याचा स्पर्श हे तिचे कारण म्हणून सांगितले आहे. लक्षणांच्या या वर्णनात आजच्या त्वचारोगतज्ज्ञालाही फारसा फेरफार करावासा वाटणार नाही. काही माणसांच्या हातावर बर्फाचा खडा पाच मिनिटे धरून काढून घेतला, तर कातडी पुन्हा उबदार होऊ लागताच त्या खड्याच्या आकाराची गांध तेथे उठते, आणि हीच आज शीतजन्य पित्ताची रूढ परीक्षा आहे. अशा माणसाने थंड पाण्याच्या विहिरीत वा तलावात एकट्याने उडी घेणे जिवावर बेतू शकते, हेही येथेच सांगून ठेवले पाहिजे. थंड वारा आणि गांधीलमाशीचा डंख या दोन अगदी भिन्न कारणांचे कार्य एकच का, हा प्रश्न मात्र माधवकराच्या काळी सुटण्यासारखा नव्हता, कारण त्याचे उत्तर डोळ्यांना दिसणाऱ्या सृष्टीच्या पलीकडे, रेणूंच्या व्यवहारात दडलेले होते.

मुळात पाझरणे हा रक्तवाहिनीचा दोष नव्हे. मातीचा माठ पाझरतो म्हणूनच त्यातले पाणी गार राहते, त्याप्रमाणे बारीक रक्तवाहिन्या पाझरतात म्हणूनच शरीराच्या प्रत्येक पेशीला अन्नपाणी पोहोचते. रोहिणीतून आलेले रक्त प्रथम रोहिणिकांत, तेथून केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांत, आणि केशवाहिन्यांतून ज्या इवल्याशा शिरांत गोळा होते त्या नीलिकांत शिरते. आणि या सगळ्या मार्गाला आतून चपट्या पेशींचे एकपदरी, अत्यंत पातळ असे अस्तर असते. अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८९६ साली दाखवून दिले की, रक्ताचा दाब द्रवाला बाहेर लोटीत असतो, रक्तातील प्रथिने त्याला आत धरून ठेवीत असतात, आणि या दोन बलांच्या तोलावर ऊतकांतील पाण्याचे प्रमाण अवलंबून असते. पाणी, क्षार आणि साखर यांना अस्तरातून ये-जा करण्याची मुभा आहे. अल्ब्युमिनसारख्या मोठ्या रेणूंना बहुतांशी मज्जाव आहे. हा मज्जाव थोडा वेळ जरी उठला, तरी प्रथिने बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी जाते, आणि कातडीच्या त्या ठिकाणी गांध उभी राहते.

मज्जाव उठविणारे द्रव्य कोणते, याचा शोध लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलातील सर टॉमस लुइस यांनी ज्या रीतीने घेतला, ती रीत आजही शास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. एखादी बोथट कड, एक सुई, दंडाला आवळण्याचा पट्टा आणि माणसाच्या हाताची कातडी, एवढ्या सामग्रीवर त्यांनी आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड ग्रँट यांनी १९२४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि १९२७ साली लुइस यांनी मानवी त्वचेच्या रक्तवाहिन्यांवरील आपल्या ग्रंथात ज्यांचा विस्तार केला, ते बहुतांशी अद्याप टिकून आहेत. कातडीवरून बोथट कड जोराने ओढली असता प्रथम, काही सेकंदांतच, कड जेथून गेली नेमकी तेथे लाल रेघ उमटते. मग त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, वेड्यावाकड्या कडांची, स्पर्शाला उबदार अशी लाली पसरते. आणि शेवटी, काही मिनिटांत, ती मूळची रेघच फुगून वर येते व फिकट पडते. सर्वांच्याच कातडीवर ही तिसरी पायरी केवळ रेघ ओढल्याने दिसत नाही. पण ज्यांची कातडी या बाबतीत विशेष हळवी असते, त्यांच्या पाठीवर बोटाने नाव लिहिले तरी ते उठून दिसते.

या तिन्ही पायऱ्यांची कारणे लुइस यांनी एकेक करून वेगळी काढली. त्वचेच्या एखाद्या भागाचा मज्जातंतू तुटून कालांतराने पूर्णपणे नष्ट झालेला असेल, तर तेथे सभोवतीची लाली उमटत नाही, मात्र मूळची लाल रेघ आणि तिच्यावरची फुगवटी या दोन्ही यथास्थित येतात. म्हणजे पसरणारी लाली ही मज्जातंतूंच्या टोकांची कामगिरी, आणि उरलेल्या दोन गोष्टी रक्तवाहिन्यांवर थेट घडणाऱ्या परिणामाच्या, हे सिद्ध झाले. पट्टा आवळून हाताचे रक्ताभिसरण थांबविले, तर कातडीत सुटलेले द्रव्य वाहून जात नाही आणि प्रतिक्रियेची मुदत लांबते, हेही त्यांनी दाखविले. हिस्टामीन नावाचे द्रव्य सुईच्या टोकाने कातडीत शिरविले असता या तीनही पायऱ्या हुबेहूब त्याच क्रमाने घडतात, हे त्यांना माहीत होते; तरीसुद्धा इजा झालेल्या त्वचेतून सुटणारे द्रव्य हिस्टामीनच आहे याचा प्रत्यक्ष पुरावा हाती नसल्यामुळे त्यांनी त्याला केवळ ‘एच-द्रव्य’ असे सावध नाव दिले. आपला तर्क बरोबर असण्याची दाट शक्यता असतानाही पुराव्याच्या एक पाऊल मागे राहण्याचा हा संयम मला त्यांच्या सगळ्या प्रयोगांहून थोर वाटतो.

हिस्टामीन हे तोवर रसायनशास्त्रज्ञांच्या परिचयाचे झाले होते. ॲडॉल्फ विंडाउस आणि त्यांचे सहकारी फोग्ट यांनी १९०७ साली ते प्रयोगशाळेत तयार केले. १९१० साली हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी त्याचे प्राण्यांच्या शरीरावरील परिणाम तपशीलवार नोंदविले. आणि याच दोघांनी १९१९ साली दाखविले की, हे द्रव्य मोठ्या प्रमाणात रक्तात गेले तर रक्तवाहिन्यांतील द्रव बाहेर झिरपून रक्त दाट होते आणि प्राणी धक्क्याने कोसळतो. परंतु हे रसायन शरीराचे स्वतःचे आहे, की केवळ कुजण्याच्या क्रियेत उपजणारे, हा वाद शिल्लक होता. १९२७ साली डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत इन्शुलिनच्या शोधाने विख्यात झालेले चार्ल्स बेस्टही होते, ताज्या यकृतातून आणि फुफ्फुसातून हिस्टामीन वेगळे काढून दाखविले, आणि तो वाद निकालात निघाला.

मग ते शरीरात साठविलेले असते कोठे? पॉल एर्लिक यांनी १८७८ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी लिहिलेल्या प्रबंधात, विशिष्ट रंगांनी रंगविल्यावर दाणेदार दिसणाऱ्या एका पेशीचे वर्णन केले होते. तिला मास्ट पेशी हे नाव मिळाले, पण तिचे कार्य पाऊण शतक अज्ञात राहिले. १९५३ साली जेम्स रायली आणि जेफ्री वेस्ट यांनी दाखवून दिले की, ज्या ऊतकात मास्ट पेशी जास्त, त्यात हिस्टामीनही जास्त, आणि या पेशींतील ते दाणे म्हणजेच त्याचे कोठार होय. त्वचेत या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या अगदी लगत वस्ती करून असतात, आणि कोठार उघडण्यास त्यांना अनेक कारणे पुरतात: काहींच्या बाबतीत थंडी, घर्षण किंवा उन्हाची तिरीप, गांधीलमाशीच्या विषातील काही द्रव्ये, अफूवर्गातील औषधे, आणि सर्वांत प्रसिद्ध कारण म्हणजे अ‍ॅलर्जी. ब्रेस्लाउ येथील हाइन्झ क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्तजलाचा थोडासा अंश त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तेव्हा ज्यांना मासे उत्तम सोसत होते त्या प्राउस्निट्झ यांच्याच अंगावर गांध उठली. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने रक्तात एक वाहून नेण्याजोगा घटक असतो हे सिद्ध केले. तो घटक म्हणजे आजचे आयजीई नावाचे प्रतिपिंड, जे मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर ठाण मांडून बसते आणि आपल्या विशिष्ट शत्रूशी गाठ पडताच कोठार मोकळे करविते. थंड वारा आणि माशीचा डंख यांचे कार्य एकच का होते, याचे उत्तर येथे मिळते. वाटा अनेक असल्या तरी त्या एकाच पेशीपाशी येऊन मिळतात.

इथवर झाली ती हुकूम देणाऱ्याची हकीकत. हुकूम स्वीकारणाऱ्याची हकीकत याहून अधिक महत्त्वाची आहे, आणि ती उलट्या दिशेने, म्हणजे औषधाच्या शोधातून उलगडली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोव्हे आणि आन-मारी स्टोब यांना १९३७ साली अशी द्रव्ये सापडली की, ती दिलेल्या गिनीपिगला हिस्टामीनची प्राणघातक मात्राही मारू शकत नव्हती. ती माणसाला देण्याच्या दृष्टीने फार विषारी होती, पण त्यांच्याच वंशातून १९४० नंतरच्या दशकात पहिली उपयोगी औषधे निघाली, आणि बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे हिस्टामीनचा नाश करीत नाहीत. पेशीच्या पटलावर हिस्टामीनला ओळखणारी जी प्रथिने असतात, ज्यांना वैद्यकात रिसेप्टर म्हणतात आणि आपण येथे ग्राही म्हणू, त्यांच्यावर ही औषधे ठाण मांडून बसतात, आणि हुकूम सुटला तरी तो कोणाला पोहोचत नाही. परंतु एक कोडे उरलेच: या औषधांनी गांध दबे, नाक वाहणे थांबे, आणि तरीही हिस्टामीनमुळे जठरात स्रवणारे आम्ल मात्र तसेच स्रवत राही. तेव्हा ग्राही एकाच जातीचे नसावेत असा निष्कर्ष काढणे भाग पडले. १९६६ साली लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात अ‍ॅश आणि शील्ड यांनी या औषधांना वश होणाऱ्या ग्राहींना एच-१ हे नाव दिले, आणि १९७२ साली जेम्स ब्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी जठरातील एच-२ ग्राहीला अडविणारे द्रव्य तयार करून दुसरी जात प्रत्यक्ष सिद्ध केली. पुढे मुख्यतः मेंदूत वावरणारा एच-३, आणि संरक्षक पेशींवर आढळणारा एच-४, अशी आणखी दोन भावंडे सापडली. त्वचेच्या पाझराचा मुख्य कारभार मात्र एच-१ कडेच आहे.

आता वाहिनीच्या कोणत्या भागात हा पाझर घडतो, या प्रश्नाकडे यावयाचे. स्वाभाविक समज असा की, केशवाहिन्या सर्वांत बारीक आणि पातळ, तेव्हा त्याच प्रथम गळत असतील. आणि कित्येक वर्षे हाच समज प्रचलित होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये गुइदो माय्नो आणि जॉर्ज पालादे यांनी १९६१ साली तो मोडून काढला. त्यांनी उंदरांच्या रक्तात अतिसूक्ष्म काळ्या कणांचे मिश्रण सोडले आणि एका पातळ स्नायूजवळ हिस्टामीन टोचले. वाहिनी जेथे गळत असेल तेथे हे कण द्रवाबरोबर अस्तराबाहेर निसटत, पण अस्तराखालचा पातळ पडदा ओलांडता न आल्यामुळे तेथेच अडकून राहत, आणि गळतीची जागा काळी पडून स्वतःच साक्ष देई. तो स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा केशवाहिन्यांचे जाळे जवळजवळ कोरे होते, आणि त्यांच्या पुढच्या नीलिका तेवढ्या काळ्या झाल्या होत्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तर त्याहून नवलाची गोष्ट दाखविली: अस्तराच्या पेशींना कोठेही भोक पडलेले नव्हते; शेजारशेजारच्या दोन पेशींमधील सांधा उकलून तेथे एका मायक्रॉनहूनही अरुंद अशी फट पडली होती. ज्या पालादे यांना पुढे, १९७४ साली, पेशीच्या अंतर्रचनेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्या नावाशी जोडलेल्या कार्यात या शोधाचा उल्लेख क्वचितच होतो; माझ्या मते त्वचेच्या विकारांचा विचार करणाऱ्याने याला अग्रमान द्यावा, कारण पाझर ही झीज नसून मर्यादित जागी घडविलेली कृती आहे, हे या एका प्रयोगाने निर्विवाद ठरविले.

ती कृती पेशीच्या आत कशी घडते, याचा तपशील पुढच्या काळात हळूहळू भरत गेला. एच-१ ग्राही म्हणजे पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गुंफलेले एक प्रथिन होय. त्याच्या बाहेरच्या बाजूला हिस्टामीनचा रेणू बसला की, आतल्या बाजूला असलेले जी-प्रथिन जागे होते, आणि त्याच्या मध्यस्थीने पेशीच्या आतील साठ्यांतून कॅल्शियम मोकळे होते. कॅल्शियम वाढताच पेशीतील आकुंचनशील तंतू, जे स्नायूंतही असतात त्याच अ‍ॅक्टिन आणि मायोसिन नावाच्या प्रथिनांचे बनलेले असतात, ते आकुंचन पावतात. त्याच वेळी दोन शेजारी पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे व्हीई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन सांध्यावरून ढिले होते. एकीकडे ओढ आणि दुसरीकडे बंधनाचा शिथिलपणा, असे दोन्ही जुळून आल्यावर फट पडल्यावाचून राहत नाही. शिवाय अस्तराच्या पेशी एच-१ च्याच सांगण्यावरून नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण करतात, तो रोहिणिकांच्या भिंतींतील स्नायूंना सैल करतो, आणि त्या स्नायूंवरील एच-२ ग्राहीही याच कामाला हातभार लावतात. त्यामुळे नीलिकांकडे येणारे रक्त वाढते आणि उघडलेल्या फटींतून अधिक जोराने द्रव बाहेर पडतो. जपानमधील संशोधकांनी २०१५ साली उंदरांच्या कानांतील वाहिन्यांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, ही रक्ताची वाढ आवरली तरी पाझर बराच आटोक्यात येतो. म्हणजे सांधा उकलणे आणि रक्ताचा ओघ वाढणे या दोन्ही गोष्टी गांधीला लागतात. लुइस यांनी ज्या तीन पायऱ्या नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या केल्या होत्या, त्यांना आता प्रत्येकी आपापला ग्राही मिळाला: पहिल्या लालीला वाहिन्यांचा, पसरणाऱ्या लालीला आणि खाजेला मज्जातंतूंच्या टोकांवरील एच-१, आणि फुगवटीला नीलिकांच्या अस्तरावरील एच-१.

या फटी फार काळ उघड्या राहत नाहीत. एकदाच सुटलेल्या हिस्टामीनचा पाझर काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि साधारण अर्ध्या तासात सांधे पूर्ववत मिटतात. बाहेर पडलेला द्रव मात्र लसीकावाहिन्यांनी वाहून नेईपर्यंत तेथेच राहतो, आणि म्हणून गांध काही तास दिसत राहते. फटीतून रक्तद्रव आणि प्रथिने जातात, तांबड्या पेशी जात नाहीत, त्यामुळे गांध ओसरल्यावर मागे डाग राहत नाही. वैद्य मंडळी या गोष्टीचा निदानासाठी मोठा उपयोग करून घेतात: गांधीभोवती पेनाने कड आखून ठेवावी, आणि चोवीस तासांनंतरही ती त्याच जागी असेल, दुखत असेल वा निळसर डाग ठेवून जात असेल, तर ते साधे पित्त नव्हे, रक्तवाहिनीच्या दाहाची शंका घेऊन कातडीचा तुकडा तपासावा. हा सगळा खटाटोप शरीर का करते, याचेही उत्तर याच द्रवात आहे. रक्तात फिरणारी प्रतिपिंडे आणि इतर संरक्षक प्रथिने इजा झालेल्या जागी पोहोचविण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे तेवढ्याच जागी मज्जाव उठविणे. डंख झालेल्या ठिकाणी हे हिताचे आहे; तोच हुकूम विनाकारण अंगभर सुटला, म्हणजे तो विकार होतो.

प्रत्येक खाज आणि प्रत्येक सूज हिस्टामीनची मात्र नव्हे, आणि हा भेद लक्षात न घेतल्याने पुष्कळ गोळ्या व्यर्थ जातात. आपल्या डोंगराळ भागात पावसाळ्यानंतर माजणारी खाजकुइली अंगाला लागली असता जिवाची तगमग होते, पण तिच्या कुसांतील म्युक्युनेन नावाचे प्रथिन मज्जातंतूंवरील निराळ्याच ग्राहींना चेतविते; हिस्टामीनच्या गांधीभोवती पसरते तशी लाली तेथे पसरत नाही, आणि हिस्टामीनविरोधी औषधाचा तेथे उपयोग होत नाही. त्याचप्रमाणे रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्या एखाद्या व्यक्तीचे ओठ किंवा जीभ खाज वा गांधी नसताना एकाएकी सुजली, तर तो ब्रॅडिकायनिन या दुसऱ्याच द्रव्याचा प्रताप असण्याचा संभव असतो. हे द्रव्य आपल्या वेगळ्या ग्राहीमार्फत वाहिन्यांना तसेच पाझरावयास लावते, आणि अशा सुजेत पित्ताच्या गोळीवर विसंबणे धोक्याचे आहे.

गोळीविषयी सांगावयाचे ते असे. एच-१ ग्राही हिस्टामीन नसतानाही काही प्रमाणात जागा असतो, आणि ही औषधे त्याला निद्रिस्त अवस्थेत घट्ट धरून ठेवतात. २०११ साली या ग्राहीची डॉक्सेपिन या औषधासह स्फटिकरचना उलगडली, तेव्हा औषध त्याच्या पोटात नेमके कोठे जाऊन बसते हेही दिसून आले. ग्राहीला आधीच धरून ठेवणे हे तिचे कार्य असल्यामुळे, गोळी गांध उठण्यापूर्वी शरीरात असेल तर ती उत्तम काम करते; उठलेल्या गांधीतला द्रव ती परत वाहिनीत नेऊ शकत नाही. म्हणून ज्यांना सहा आठवड्यांहून अधिक काळ वारंवार पित्त उठते, त्यांना डॉक्टर ती रोज, नेमाने घ्यावयास सांगतात, आणि खाज सुटेल तेव्हाच घेण्याच्या आपल्या सवयीने या सल्ल्याचे निम्मे फळ हातचे जाते. जुन्या गोळ्यांनी डोळे मिटू लागत, कारण मेंदूला जागे ठेवणाऱ्या यंत्रणेतही एच-१ ग्राही आहेत. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या नव्या पिढीच्या औषधांना मेंदूत फारसा प्रवेश मिळत नाही. नेहमीची मात्रा अपुरी पडल्यास तज्ज्ञ डॉक्टर ती चौपटीपर्यंत वाढवितात, आणि तरीही गुण न आल्यास आयजीईलाच अडविणारे ओमालिझुमॅब हे इंजेक्शन उपलब्ध आहे. पण हे निर्णय रुग्णाने स्वतः घ्यावयाचे नाहीत. अ‍ॅलर्जीच्या त्वचापरीक्षेला जाण्यापूर्वी काही दिवस या गोळ्या बंद कराव्या लागतात, कारण त्या अंमलात असताना परीक्षेची गांधच उठत नाही आणि निष्कर्ष चुकतो.

कोकण आणि गोव्यातील वाचकांसाठी एक गोष्ट आवर्जून नोंदवितो. बांगडा, सुरमई, कुपा यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य विपुल असते, आणि मासा बर्फाविना उबेत राहिला तर जीवाणू त्याचे हिस्टामीनमध्ये रूपांतर करतात. हे हिस्टामीन शिजवून वा तळून नाहीसे होत नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, छाती धडधडणे, अंगाला खाज सुटून कधी गांधी उठणे, असे प्रकार घडतात, आणि माणूस आपल्याला माशांची अ‍ॅलर्जी झाली असे समजून जन्मभर मासे वर्ज्य करतो. येथे मास्ट पेशींचा काही अपराध नसतो. हुकूम बाहेरून, ताटातून आलेला असतो. त्याच माणसाला ताजा, बर्फात राखलेला बांगडा बहुधा निर्धास्त सोसतो, आणि तसे आहे की नाही याची खात्री डॉक्टरांकडून करून घेणे हे कायमच्या उपवासापेक्षा बरे.

आणि शेवटी धोक्याची गोष्ट. मास्ट पेशींचे कोठार केवळ त्वचेतच नव्हे, तर सर्व शरीरभर एकदम मोकळे झाले, म्हणजे जी स्थिती उद्भवते तिला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. तीत रक्तवाहिन्यांतील द्रवाचा ३५ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा दहा मिनिटांत बाहेर पाझरू शकतो. अशा वेळी हिस्टामीनविरोधी गोळी अपुरी पडते, कारण ती पोटातून रक्तात जाण्यास वेळ घेते, आणि हिस्टामीनखेरीज सुटलेल्या इतर अनेक द्रव्यांवर तिचा अंमल चालत नाही. मांडीच्या बाहेरील स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिन मात्र सैलावलेल्या वाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळ्या करते आणि मास्ट पेशींनाही आवर घालते. म्हणून तेच पहिले औषध. तेव्हा माशी चावल्यावर, औषध घेतल्यावर वा काही खाल्ल्यावर गांधींबरोबरच श्वास लागला, आवाज घोगरा झाला, जीभ वा घसा सुजला, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा भोवळ आली, तर गोळी देऊन परिणामाची वाट पाहत बसू नये. रुग्णाला आडवे निजवून पाय किंचित उंच ठेवावेत, श्वास घेणे जड जात असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये आणि चालवू नये. महाराष्ट्रात वा गोव्यात असाल तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि दूरध्वनीवर पहिल्याच वाक्यात अ‍ॅड्रेनॅलिन लागेल असे सांगावे.